रुखवतावरच्या बाटल्या

"घोट नको ताई, नुसता वास घ्या."

असं म्हणून काका ग्लास माझ्यापुढे धरायचे आणि ग्लासाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. माझी भुवई जरा हलली की लगेच, "काय? काय आलं?"

"संत्र्याचं साल."

"आणि?"

"ओल्या पावासारखं काहीतरी."

"आणि?"

"आता काही नाही हो काका. नाक थकलं."

मग ते हसायचे आणि तो ग्लास गराजच्या बाहेर गवतावर ओतून टाकायचे. स्वतः ओठालासुद्धा लावायचे नाहीत. सगळ्यांना वाढून स्वतः जेमतेम दोन घास खाणारी बाई तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बिअर करून ती न पिणारा माणूस मात्र मी हा एकच पाहिला.

वयाने ते माझ्याहून फार मोठे नव्हते. पण इथली, अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. आमच्या घरापासून दोन घरं सोडून त्यांचं घर. मुलाने मला इकडे आणलं ते नातीला सांभाळायला. मुलगा-सून कामावर गेले की मी बाबागाडी घेऊन रस्त्याच्या कडेने फिरायची. इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीतसुद्धा मला आधीपासून बोलायचा संकोचच. समोरून कोणी आलं की मी गाडीतल्या नातीचं टोपरं सारखं करायला वाकायची.

त्या दिवशी वाकले, पण डोळे वर गेलेच. एका गराजचं दार उघडं होतं आणि निळा ॲप्रन घातलेले एक गृहस्थ खाली बसून झाकण लावलेल्या पांढऱ्या बादलीला कान लावून होते. माझी साडी बघून त्यांनी मराठीतच हाक मारली, "या, या. ऐका जरा. श्वास घेतेय."

मी घाबरले. बादलीत काय कोंडलंय, कोणास ठाऊक. बादलीच्या झाकणावर एक वाकडी नळी होती आणि तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे निघत होते. गुडुक. थांबून, गुडुक.

"बिअर आहे," काका म्हणाले. "संत्र्याची. उन्हाळ्यात लागते तशी हलकी."

मी बाबागाडी वळवली आणि घरी गेले. सुनेला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आई, ते आपले काका! त्यांच्या काकू किती छान आहेत. उद्या जाऊ आपण."

अशी ओळख झाली.

काका एका मोटारींच्या कंपनीत इंजिनाचे आवाज तपासायचे. इंजिन कुठे कुरकुरतं, कुठे खोकतं, हे ऐकायचं हेच काम. त्यामुळे कान लावायची सवय. फ्रीजला कान लावायचे, भाताच्या कुकरला लावायचे. संत्र्याची बिअर करतात म्हणून लोक त्यांना नागपूरचे समजायचे. ते सोलापूरचे. "सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंड प्यायची किंमत कळते," असं म्हणायचे. आणि नागपूरचं कोणी समोर असलं तर मुद्दाम म्हणायचे, "तुमच्यापेक्षा फ्लोरिडाची संत्री बरी." मग अर्धा तास भांडण.

बिअर करायचं सामान त्यांना ऑफिसातल्या लोकांनी भेट दिलं होतं. मोठं पातेलं, बादली, नळ्या, बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र. काका पीत नाहीत हे त्या लोकांना माहीत नव्हतं, आणि काकांनी सांगितलं नाही. "कौतुकाने दिलेलं परत कसं करायचं? आणि करण्यात काय वाईट आहे? पन्हं केल्यासारखंच ते."

पन्ह्यासारखं काही नव्हतं. आधी जवाचा आणि गव्हाचा गोड काढा. तो उकळायचा. त्यात कडू फुलांच्या वाळवून दाबलेल्या हिरव्या गोळ्या घालायच्या. त्या सशाच्या खाद्यासारख्या दिसतात. शेवटी उतरवताना संत्र्याची साल आणि कुटलेले धणे. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून निववायचं, बादलीत ओतायचं, वरून यीस्ट. पुढचे दिवस गुडुक गुडुक ऐकत बसायचं. ते थांबलं की जराशी साखर घालून बाटल्या भरायच्या आणि पुन्हा वाट बघायची.

सालीचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते. काका साल काढायचे ती आतल्या पांढऱ्यासकट, जाडजाड. बिअर कडू व्हायची. काकूंना मदत मागितली तर त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात दारूची संत्री सोलली जाणार नाहीत."

"मग गराजमध्ये सोल."

"मी म्हणजे तुमच्या गराजची नोकर का?"

मी तिथेच ओट्यापाशी उभी होते. दोघांचं वाढायला नको म्हणून मी सुरी उचलली. पातळ साल निघाली, उजेडापुढे धरली तर पलीकडचं दिसावं अशी. काकांनी ती दोन बोटांत धरली आणि काकूंना म्हणाले, "बघ. ही साल म्हणायची."

"अहो ताई, तुम्ही कशाला यांच्या नादी लागता?" काकू मला म्हणाल्या. पण सोलून झालेली संत्री त्यांनीच डब्यात भरून माझ्या नातीसाठी दिली.

बाटल्या भरायच्या दिवशी काका कोणाला जवळ येऊ देत नसत. हात कोपरापर्यंत धुवायचे, बाटल्या औषधाच्या पाण्यातून काढायच्या, नळीचं टोक कुठे टेकू द्यायचं नाही. एकदा काकू दारातून बोलावायला आल्या तर ओरडले, "तिथेच थांब! शिवू नकोस!"

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जन्मात कधी देवाला सोवळं पाळलं नाहीत, आणि दारूला पाळताय!"

काकांना हसू आवरेना, आणि हसताना नळी हातातून सुटली. पुढची धार त्यांच्या ॲप्रनवर.

धण्यांची गोष्ट तर सगळ्या ट्रॉयला माहीत आहे. एका वर्षी ऐन वेळी अख्खे धणे संपले. काकू देवळात गेलेल्या. काकांनी कपाटातला पुडीचा डबा काढला, वास घेतला, धणेच वाटले, घातले. ती काकूंची धणे-जिऱ्याची पूड होती. पुढे आठवडाभर गराजमधून आमटीचा वास येत होता. काकांनी तरीही बाटल्या भरल्या. "मुरल्यावर जाईल," म्हणाले. गेला नाही. उन्हाळ्याच्या पहिल्या जेवणाला मंडळी जमली, पुण्याच्या एका मुलाने घोट घेतला आणि म्हणाला, "काका, यार, भात कुठाय?"

सगळे हसले. काकाही हसले. पण प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यांनी आशेने पाहिलं होतं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. ज्याला चव घ्यायची नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडावरच वाचावं लागतं.

मग त्यांच्या अनघाचं लग्न ठरलं. ते दोन हजार सहा साल. अनघा इथेच जन्मलेली, एकुलती एक, नोकरीला शिकागोत. मुलगा एरिक, मिशिगनच्याच उत्तरेकडच्या शेतकऱ्याचा. लग्न ऑगस्टमध्ये, तळ्याकाठच्या एका बागेत. सकाळी आपल्या पद्धतीने, दुपारी त्यांच्या.

अनघाने सगळं कॉम्प्युटरवर ठरवून टाकलं. फुलं, जेवण, खुर्च्या, गुरुजी. रविवारी फोन यायचा तेव्हा काका विचारायचे, "आणि माझ्याकडे काय?"

"बाबा, यू जस्ट रिलॅक्स, ओके? तुम्ही फक्त या."

फोन ठेवल्यावर काका काकूंना म्हणाले, "फक्त या. पाहुण्याला सांगतात तसं सांगितलं."

"तिला तुमची दगदग नको असते," काकू म्हणाल्या.

"दगदग हवीय मला."

काकूंनी मात्र एक गोष्ट कोणाला न विचारता हातात घेतली होती. रुखवत. आपल्याकडे नवरीच्या घरच्या बायका हाताने केलेल्या वस्तू लग्नात मांडतात, तसं पूर्ण. लाडू, करंज्या, साखरेचं तुळशीवृंदावन, क्रोशाचं तोरण, नवरा-नवरीसारखे सजवलेले नारळ. माझा हात क्रोशावर बरा चालतो म्हणून मी रोज दुपारी नात झोपली की तिला उचलून त्यांच्याकडे जायची. जेवायच्या टेबलावर सगळा पसारा असे.

काका एकदा येऊन दारात उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "यात बापाच्या हातचं काही नसतं का?"

"नसतं," काकू सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "रुखवत बायकांचं."

"या वेळी ठेवू. मी बिअर करतो. अनघासाठी खास. बाटल्या मांडू एका बाजूला."

काकूंची सुई थांबली. "रुखवतावर दारू?"

"हाताने केलेलीच आहे की."

"लाडवांशेजारी? गुरुजींसमोर? काय बोलताय तुम्ही?"

काका गराजमध्ये गेले. काकूंनी दोऱ्याची गाठ सोडवली, पुन्हा सोडवली. गाठ नव्हतीच तिथे.

मग त्यांनी मला सांगितलं. अनघा लहान होती, दुसरी-तिसरीत. मित्राकडे गेले होते तिघं. काका दोन बाटल्या प्यायले. नशा म्हणावी अशी नव्हती. परत येताना बर्फावरून गाडी घसरली आणि रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मागच्या सीटवर अनघा होती.

"तेव्हापासून थेंब घेतलेला नाही त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी शपथ घातली नव्हती हो. आपणच सोडली. ते पितील ही भीती नाही मला. पण ती बाटली बघितली ना, की मला खड्ड्यातली गाडी दिसते. गराजमध्ये आहे तोवर मी तिकडे बघत नाही. पण लेकीच्या लग्नात, तिच्या रुखवतावर? तिथे मी कुठे बघू?"

मी तोरणाचं पान पूर्ण केलं.

काकांनी बिअर घातलीच. साली मीच काढल्या. या वेळी संत्र्याबरोबर थोडं लिंबूही होतं. धणे स्वतः दुकानात जाऊन आणले होते, दाणा दाणा निवडला होता. ते काम करताना नेहमी बडबड करायचे. त्या दिवशी गप्प. मीच धीर करून विचारलं, "काका, काकू नाही म्हणाल्या तर?"

"तर गराजमध्ये राहतील बाटल्या," ते म्हणाले. "तिच्यावर जबरदस्ती नाही करायची. तिचं म्हणणं बरोबर आहे, ताई. तेच तर अवघड आहे."

जरा वेळाने म्हणाले, "पिणं सोडलं ते सोपं होतं. पण तिला असं वाटतं की ती संध्याकाळ मी विसरलो, म्हणून हे करतो. आठवते म्हणून करतो मी. जे हातून बिघडलं तेच नीट करून दाखवावंसं वाटतं माणसाला."

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात अनघा घरी आली. टेबलावरचं सगळं बघून लहान मुलीसारखी नाचली. लाडू चोरून खाल्ला. मग गराजमध्ये डोकावली, बाटल्या बघितल्या आणि विचारलं, "बाबा, हे पण रुखवत?"

काकू चहा गाळत होत्या, त्या बोलल्या, "तुझ्या बाबांना हौस आहे. मला चालणार नाही. तुला माहीत आहे का, तू लहान असताना..."

"ॲक्सिडेंट? ऑफ कोर्स मला आठवतं, आई."

काकूंच्या हातात गाळणं तसंच राहिलं. त्यांनी इतकी वर्षं तिच्यापाशी तो विषय काढला नव्हता. तिला आठवत नाही, अशीच त्यांची समजूत होती.

"तू गाडीत थांबलीस," अनघा म्हणाली. "बाबा मला खांद्यावर घेऊन पेट्रोल पंपापर्यंत चालत गेले, फोन करायला. मी झोपू नये म्हणून पाढे म्हणत होते. बे एके बे, बे दुणे चार. मी चुकले की परत पहिल्यापासून. ही वॉज क्राइंग, आई. मला वाटलं, मी चुकते म्हणून रडतायत. म्हणून मी सगळे नीट म्हटले."

काका मान खाली घालून ॲप्रनची गाठ चाचपत होते. मी नातीला उचललं आणि निघायच्या बेताने उठले. माझ्यासारखीने अशा वेळी तिथे असू नये. पण काकूंनी माझ्या हातात कप दिला, म्हणून बसले.

"ते वाईट नाही आठवत मला," अनघा म्हणाली. "पण रुखवत तुझं आहे, आई. तू ठरव. मी मध्ये पडणार नाही."

काकूंनी तेव्हा काही ठरवलं नाही. चहाला साखर कमी पडली का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर काकू म्हणाल्या, "ताई, पांढरा सुती दोरा उरलाय का?"

"आहे की. कशाला?"

"गराजमध्ये जाऊन एका बाटलीचं माप घेऊन या. मी हात लावणार नाही."

मी दोऱ्याने माप घेतलं. उंची, घेर, मानेपाशी कुठे निमुळती होते ते. काकांनी बाटली धरली होती आणि ते मला काही विचारत नव्हते. विचारलं तर मोडेल, असं त्यांना वाटत असावं.

त्या आठवड्यात मी आणि काकूंनी बाटल्यांना क्रोशाचे अंगरखे विणले. पांढरे, खाली झालर, गळ्याशी लाल दोरी. "उघड्या नाही ठेवायच्या," काकू एवढंच म्हणाल्या. "लेकीचं रुखवत आहे."

लग्नाच्या सकाळी तळ्याकाठी टेबल मांडलं. लाडवांच्या परातीपलीकडे, नारळाच्या नवरा-नवरीच्या मागे, अंगरखे घातलेल्या बाटल्या वऱ्हाडासारख्या उभ्या होत्या. गुरुजींनी वाकून एक बघितली. "वा! गुलाबपाणी का?"

"सरबत," काकू चटकन म्हणाल्या. काका तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

एरिकचे वडील ताडासारखे उंच. काकांनी त्यांना रुखवत म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि शेवटी बाटल्यांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. ते गृहस्थ काकांचा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिले.

काकांच्या कोटाच्या खिशात बाटल्या उघडायची चावी होती. जेवणं झाली तशी त्यांनी ती काढली आणि टेबलाकडे निघाले. तिथे काकू आणि मी सगळं खोक्यांत भरत होतो. लाडू, करंज्या, तोरण. बाटल्याही भरून झाल्या होत्या.

"अगं, हे काय? प्यायच्या आहेत त्या."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "इथे? रुखवत आहे ना? रुखवत सासरी जातं. मांडवात कोणी उघडतं का?"

काका चावी हातात धरून उभे. आपणच हट्टाने त्या टेबलावर जागा मागितली, आणि त्या टेबलावरच्या वस्तूंचं पुढे काय होतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोणी प्यायलेलं त्यांना दिसणार नव्हतं. एकाही माणसाचं तोंड दिसणार नव्हतं.

काकूंनाही मग समजलं. त्या जरा वरमल्या. "हवं तर एक-दोन काढू का बाहेर?"

काकांनी थोडा विचार केला. "नको," म्हणाले. "रुखवत तर रुखवत. जाऊ दे सगळं तिच्याबरोबर." आणि खोकं उचलून त्यांनीच एरिकच्या वडिलांच्या गाडीत नेऊन ठेवलं.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत, त्रास न होता. काकू आता अनघाकडे असतात. त्या घरात नवीन लोक आलेत, ते गराजमध्ये गाडी ठेवतात. इकडची मंडळी भेटली की काकांची आठवण निघते आणि कोणीतरी धणे-जिऱ्याची गोष्ट सांगतंच. मी ऐकते. मला दुसरंच आठवत असतं, पण चारचौघांत ते सांगायला मला जमत नाही, म्हणून इथे लिहिते.

लग्नानंतरचा रविवार होता. मी काकूंच्या भांड्यांपैकी माझ्याकडे राहिलेली परात परत द्यायला गेले होते. अनघाचा फोन यायची वेळ. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. वर्तमानपत्र हातात, पण पान उलटत नव्हते. फोन वाजला. ते जागचे हलले नाहीत. काकूंनी उचलला. जेवलीस का नाही, घर लागलं का नाही, काही नाही. पहिलं वाक्य हे:

"बाटली उघडलीत का गं? कशी झालीय?"

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

काकू ऐकत होत्या. "हो? ... हो का? ... कोणी?" मग फोनवर हात ठेवून काकांकडे वळल्या. "एरिकच्या आजीने दोन घेतल्या म्हणे. आणि तिसरी मागत होती. मग घरच्यांनी लपवून ठेवली."

काका सिंकपाशी गेले, नळाचं पाणी ग्लासात काठोकाठ घेतलं आणि उभ्या उभ्या, एका दमात सगळं प्यायले.

"अहो, हळू," काकू म्हणाल्या. "ठसका लागेल."